एका दुपारचे वाक्प्रचार

‘त्यानं ध चा मा केला’ असं आपण सहज म्हणून जातो. पण कुठला ध आणि कुणाचा मा? या दोन अक्षरांमागे एक खून आहे!

३० ऑगस्ट १७७३. दिवस गणपतीचे. शनिवारवाड्यात अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे गारद्यांपासून, म्हणजे भाडोत्री शिपायांपासून, जीव वाचवत काका राघोबादादांकडे धावले. ‘काका, मला वाचवा’ ही हाक तेव्हापासून मराठीत घुमते आहे. कथा अशी, की दादांनी गारद्यांना ‘नारायणरावांस धरावे’ असं लिहून दिलं आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं. बघा तर, ‘रावे’ला हातही लावावा लागत नाही! एक अक्षर बदललं, की कैदेचा हुकूम मरणाचा होतो. बाईंवरचा आरोप सिद्ध झालेला नाही. तरी हा वाक्प्रचार अडीचशे वर्षं त्यांना शिक्षा देतो आहे. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

आणि नवल हे, की ‘अटकेपार झेंडे लावणं’ आलं तेही याच राघोबादादांच्या १७५८च्या मोहिमेतून. एकच माणूस, भाषेत कीर्तीही त्याची आणि काळिमाही त्याचाच!

आता साताऱ्याकडे वळू. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे तेव्हा पुण्यात न्यायाधीश होते. सत्ता हाती आलेल्या दादांना त्यांनी तोंडावर सांगितलं, ‘या पापाला देहान्त प्रायश्चित्त.’ मग पद सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. ‘रामशास्त्री बाणा’ म्हणतात तो हा.

पुढे सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके अशा मुत्सद्द्यांनी दादांना दूर सारायचं ठरवलं. हेच बारभाईंचं कारस्थान. नारायणरावांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या त्यांच्या मुलाला, सवाई माधवरावांना, अवघ्या चाळीस दिवसांचे असताना त्यांनी पेशवे केलं. वस्त्रं आली साताऱ्याच्या छत्रपतींकडून. कारस्थान फत्ते झालं, रामशास्त्रीही परत आले. तरी आज कुठे सावळागोंधळ दिसला, की आपण त्याला ‘बारभाई कारभार’ म्हणतो!

वाईला गेलात, तर शेजारच्या मेणवलीत कृष्णेकाठी नानांचा वाडा आणि घाट जरूर बघा. दोन्ही अजून उभे आहेत.