नाण्यावरची राणी म्हातारी कधी झाली?

फलटणकरांनो, घरात पणजीची गिन्नी असेल तर आधी राणीचं डोकं बघा. साल नंतर.

केसांना फीत, डोक्यावर काही नाही, कोवळा चेहरा? मग ती १८३८ ते १८८७ मधली. हे विल्यम वायनचं काम. व्हिक्टोरियाने पासष्टी ओलांडली तरी नाण्यावर ती विशीतलीच! १८८७ मध्ये राज्यारोहणाला ५० वर्षं झाली आणि बोएमने तिचं खरं वय दाखवलं, पण डोक्यावर एवढासा मुकुट ठेवला. लोकांनी टर उडवली. १८९३ पासून थॉमस ब्रॉकची राणी आली, अगदी पदर घेतलेली आजी. मला हीच सर्वांत आवडते.

पुढे सातवा एडवर्ड उजवीकडे पाहतो, पाचवा जॉर्ज डावीकडे. वजन मात्र तेच, ७.९८ ग्रॅम, २२ कॅरट.

जॉर्जची १९१८ ची गिन्नी असेल तर उलटी करा. सालाच्या वर, घोड्याखालच्या जमिनीवर बारीक 'आय' अक्षर दिसलं तर ती मुंबईच्या टांकसाळीतली. अशा सुमारे १३ लाख पाडल्या, त्याही त्या एकाच वर्षी. त्याच साली तिथे १५ रुपयांचं सोन्याचं नाणंही निघालं. त्यावर जॉर्ज मुकुटासह आहे.

आपल्या सईबाईंच्या सासरचा, म्हणजे शिवरायांचा होन बघाल तर त्यावर चेहराच नाही, नुसती अक्षरं.

आणि हो, मोडायला नेण्याआधी फोटो काढून ठेवा. विटा-आटपाडीकडच्या गलाईवाल्याच्या मुशीत सगळ्या राण्या सारख्याच वितळतात.