कुंडलच्या माळापूर्वीची बावीस वर्षे

किर्लोस्करवाडी या उद्योगनगरीचा इतिहास सांगणारांची लेखणी बहुधा 1910 साली कुंडलच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर उतरते आणि तेथून भरधाव पुढे निघते. परंतु ज्याला आज पदरच्या चार पैशांवर लहानसा धंदा काढावयाचा आहे, त्याने त्या माळापूर्वीची बावीस वर्षेच अधिक बारकाईने न्याहाळावीत, असे माझे मत आहे. यशाचा विस्तार पाहून डोळे दिपतात, हाती मात्र काही लागत नाही.

1888 हे किर्लोस्कर उद्योगाचे जन्मवर्ष मानले जाते. चित्रकार होण्याची लक्ष्मणराव किर्लोस्करांची मनीषा रंगांधत्वामुळे खुंटली, ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापक झाले. त्या नोकरीत असतानाच ते मुंबईहून बेळगावी सायकली धाडीत, आणि त्यांचे बंधू रामूअण्णा तेथे त्या विकीत. एवढेच नव्हे, तर फी घेऊन लोकांना त्या चालवावयासही शिकवीत. या व्यवस्थेतले मर्म सहज निसटून जाते. एका भावाचा चरितार्थ पगारावर चालत असल्यामुळे दुकानाच्या गल्ल्यावर त्याचा भार नव्हता. आणि ज्या वस्तूवर बसावे कसे हेच ठाऊक नाही, ती कोणी विकत घेत नाही, हे ओळखून शिकवणी हाही विक्रीचाच भाग झाला होता. वर्षभराच्या घरखर्चाची बेगमी केल्यावाचून जो आवेशाच्या भरात राजीनामा लिहितो, त्याला भांडवलाची चणचण पुढे भासते ती बहुधा स्वयंपाकघरातूनच. लक्ष्मणरावांनीही नोकरी सोडली ती बढती डावलली गेल्यावर, म्हणजे बेळगावचे दुकान उभे झाल्यानंतर.

पुढे बेळगावच्या कारखान्यात कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यामागून लोखंडी नांगर. नांगराची कथा मात्र प्रत्येक होतकरू व्यावसायिकाने सावकाश वाचावी. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती, आणि तयार झालेले नांगर सुमारे दोन वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले. शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण ज्याचे वर्षाचे अन्न एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने अपरिचित अवजाराविषयी साशंक असणे यात मला तरी काही गैर दिसत नाही. नव्या मालाचे गिऱ्हाईक घडवावे लागते, तोवर जुना माल विकून दिवस काढावे लागतात, आणि या दोन वर्षांचा खर्च आरंभीच्या अंदाजपत्रकात क्वचितच कोणी मांडतो. अंदाजपत्रकात नफ्याचे रकाने मात्र सुवाच्य अक्षरात भरलेले असतात!

एवढे झाल्यावर बेळगावची जागाच सुटली. वस्तीच्या विस्तारासाठी नगरपालिकेने कारखाना हलवण्यास सांगितले आणि बसलेली घडी विस्कटली. जागेचा करारनामा, हद्द आणि तिथल्या भावी योजना यांची चौकशी कारखान्याचा पाया घालण्यापूर्वी करावी, हे सांगावयास यापेक्षा स्पष्ट उदाहरण कशाला हवे? त्या अडचणीच्या काळात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी प्रथम आपल्याकडील एक बांधकाम लक्ष्मणरावांवर सोपविले आणि नंतर कुंडल स्टेशनाजवळची जमीन व 10,000 रुपयांचे कर्ज दिले. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे: आधी काम, मग कर्ज. धनको पाहतो तो माणसाचा हात. अर्जातील भाषा त्याला फारशी मोहवीत नाही, आणि संस्थानिकाच्या जागी आज बँकेचा व्यवस्थापक असला, तरी यात फार फरक पडला आहे, असे दिसत नाही.

किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली ती 1920 साली, म्हणजे बेळगावच्या सायकलींनंतर बत्तीस वर्षांनी.