लहरी सार्वजनिक, पण मनोरा कोणाचा?

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला, हे आपल्या घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यानंतर चारच महिन्यांनी, २३ जुलै १९२७ रोजी, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि त्याचा दीड किलोवॅटचा प्रक्षेपक वरळीला बसला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तळ्याचा आणि रेडिओच्या मनोऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. वकिलाच्या नजरेने पाहिले तर संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तसा ठराव केला. कागदावर तळे सर्वांचे झाले. ओंजळ पाण्यापर्यंत न्यायला मात्र सत्याग्रह करावा लागला, डोकी फुटली, नगरपालिकेने आपलाच ठराव फिरवला आणि उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला १९३७ साल उजाडले. वस्तू सार्वजनिक आहे असे जाहीर होणे आणि ती आपल्या हाताला लागणे, या दोहोंमध्ये या देशात नेहमीच दहा-पंधरा वर्षांचे अंतर पडते. रेडिओच्या लहरींचा इतिहास याहून वेगळा नाही.

वरळीच्या त्या प्रक्षेपकाच्या आसपास तेव्हा बी.डी.डी. चाळी नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. गिरणीत राबणारा माणूस तिथे एका खोलीत संसार करीत होता. लहरी त्याच्या डोक्यावरून जात होत्या, पण त्या ऐकायच्या तर वर्षाला दहा रुपयांचा परवाना हवा, यंत्राची किंमत वेगळी. सगळ्या हिंदुस्थानात मिळून असे परवाने तीन वर्षांत आठ हजारही झाले नाहीत. कंपनी १९३० साली बुडाली आणि केंद्रे सरकारने ताब्यात घेतली. १९३६ साली त्याचेच ऑल इंडिया रेडिओ झाले.

या सगळ्यामागे उभा होता १८८५ चा टेलिग्राफ कायदा. त्याचे कलम ४ सांगत होते की तारायंत्र उभारण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारचा. १८८५ मध्ये रेडिओचा शोधही लागलेला नव्हता! पुढे त्याच कायद्यातील ‘तारायंत्रा’च्या व्याख्येत बिनतारी यंत्रणा बसवली गेली. इंग्रज गेले, कलम राहिले. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आणि अठरा प्रक्षेपक आले. त्यांचा आवाज देशाच्या अडीच टक्के भूभागावर आणि अकरा टक्के लोकांपर्यंत पोहोचत होता. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झाले, पुणे १९५३ ला. बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी याच ऑल इंडिया रेडिओवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान मांडले आणि समता-स्वातंत्र्य-बंधुत्व आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाकडून घेतले, हे देशाला सांगितले. पण त्यांच्या भाषणाला गर्दी करणाऱ्या कोट्यवधी माणसांना स्वतः बोलायला त्या माइकसमोर कोण बसवणार होते?

थोडे यंत्राविषयीही सांगितले पाहिजे, कारण राजकारण यंत्रातच दडलेले असते. मध्यमलहरींच्या केंद्रात लोखंडी मनोरा हाच अँटेना असतो. त्याच्या बुडाशी जमिनीत चहूबाजूंना तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. अशा केंद्राला ओली, खारवट जमीन मानवते आणि एकरोएकर जागा लागते. एवढी जमीन, एवढी वीज सरकारशिवाय कोणाकडे असणार? नागपूरला तर १९८८ मध्ये एक हजार किलोवॅटचा प्रक्षेपक राष्ट्रीय वाहिनीसाठी वापरात आला. एफ.एम.चे तसे नाही. तिच्या लहरी नजरेच्या रेषेत जातात. तिला जमीन नको, उंची हवी. उंच जागी एक खांब आणि पन्नास-शंभर वॅट, म्हणजे जुन्या काळच्या एका मोठ्या बल्बएवढी वीज, एवढ्यावर आसपासची गावे ऐकू शकतात. म्हणजे ज्या दिवशी एफ.एम. आले, त्या दिवशी गरिबाला रेडिओ परवडत नाही ही सबब संपली. उरली फक्त परवानगी.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी झाला पाहिजे. (भांडण होते क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे. आपल्या देशात मोठे हक्कही कधी कधी क्रिकेटच्या मागच्या दाराने येतात.) निकाल लिहिणाऱ्यांत महाराष्ट्राला चांगले परिचित असलेले न्या. पी. बी. सावंत होते, न्या. जीवन रेड्डी होते. १८८५ चा कायदा या कामाला पुरा पडणारा नाही, हेही न्यायालयाने सांगितले. महाडचा ठराव झाला म्हणायचा. आता ओंजळ कोणाची पोहोचली ते पाहा.

तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात जहीराबादजवळ माचनूर नावाचे गाव आहे. आज ते तेलंगणात आहे. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघम्‌मधील दलित बायांनी युनेस्कोच्या मदतीने १९९८ मध्ये रेडिओचा स्टुडिओ उभारला. एफ.एम. प्रक्षेपक होता, कार्यक्रम होते, बोलणाऱ्या होत्या. कोरडवाहू शेतात राबणाऱ्या बाया ज्वारी-बाजरीच्या बियाण्यावर, मजुरीवर, बाळंतपणावर आपल्या बोलीत बोलत होत्या. नव्हता तो सरकारचा परवाना. मग त्यांनी कार्यक्रम कॅसेटवर घेतले आणि संघम्‌च्या बैठकांत टेपरेकॉर्डर लावून ऐकवले. एक-दोन नव्हे, दहा वर्षे! याच काळात, १९९९-२००० मध्ये, सरकारने मोठ्या शहरांतील एफ.एम. लहरींचा लिलाव पुकारला आणि जुलै २००१ मध्ये बंगळूरला पहिले खाजगी केंद्र सुरूही झाले. लहरी सार्वजनिक ठरल्या त्या निकालानंतर आधी आत गेली ती थैलीवाली मंडळी.

इतरांचे काय झाले? आंध्रातच ओरवकल येथे बचतगटाच्या बायांनी चालवलेला चिमुकला ‘मना रेडिओ’ २००३ मध्ये बंद पाडला गेला. कर्नाटकातील बुदिकोटे गावाने बिनतारी परवाना मिळत नाही म्हणून घराघरात केबल ओढून आपला रेडिओ ऐकवला. बिहारमधील मन्सूरपूरच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तरुणाने किरकोळ खर्चात प्रक्षेपक जोडला, त्याची अँटेना लांब बांबूला बांधून उंच छपरावर चढवली आणि गावाला गाणी, हरवल्या-सापडल्याच्या सूचना ऐकवल्या. २००६ मध्ये तेही बेकायदा ठरून थांबले. कायदा बांबूलाही मनोरा समजतो, पण बांबू लावणाऱ्याला प्रसारक समजत नाही.

डिसेंबर २००२ मध्ये दार किलकिले झाले ते शिक्षणसंस्थांपुरते. स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवू देणारे धोरण १६ नोव्हेंबर २००६ ला आले. १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूरचा संघम् रेडिओ ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलू लागला. न्यायालयाच्या निकालानंतर तेरा वर्षांनी. महाडला १९२४ च्या ठरावापासून १९३७ च्या निकालापर्यंत तेवढीच लागली होती. हा योगायोग असेल, पण मला तो योगायोग वाटत नाही.

त्याच २००८ मध्ये आपल्या सातारा जिल्ह्यातील म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. आज देशात पाचशेच्या जवळपास अशी केंद्रे आहेत. १८८५ च्या कायद्याच्या जागी संसदेने दूरसंचार कायदा, २०२३ आणला आहे. तरी एक बंधन कायम आहे. ही केंद्रे स्वतःच्या बातम्या देऊ शकत नाहीत, राजकीय आशयालाही मनाई आहे. बाजरीचे बियाणे चालते, पण गावच्या पाटलाने पाणी अडवले तर ती बातमी होते! ज्या वर्तमानपत्राला ‘मूकनायक’ नाव द्यावे लागले, त्याच्या वारसांना या बंधनाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

चळवळीतील काही जण म्हणतात, आता हातात मोबाइल आहे, मनोऱ्याची कटकट कशाला? पण मोबाइलवरचा आवाज कंपनीच्या मर्जीवर चालतो, त्याला डेटा भरावा लागतो, आणि प्रशासनाने इंटरनेट बंद केले की तो मुका होतो. रेडिओ ऐकायला रिचार्ज लागत नाही.

२००६ च्या धोरणाप्रमाणे अर्जदार ही किमान तीन वर्षे स्थानिक समाजासाठी काम केलेली, नफा न कमावणारी नोंदणीकृत संस्था हवी. राजकीय पक्षाला आणि त्याच्या शाखांना मनाई आहे. प्रभावी शक्ती साधारण १०० वॅट, मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत, आणि प्रक्षेपक त्याच समाजाच्या भागात हवा. मनोऱ्याच्या जागेची मंजुरी, जिला ‘सॅकफा’ म्हणतात, ती वेगळी घ्यावी लागते. तिथेच बहुतेक प्रकरणे रखडतात, म्हणून जागेचे कागद आधी नीट लावून ठेवावेत: सात-बारा, गावठाणातील जागा असेल तर मालमत्ता पत्रक, भाड्याची असेल तर नोंदणीकृत करार. आपल्या शिक्षणसंस्था, वसतिगृहे, महिला मंडळे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत आणि त्यांपैकी अनेकांच्या नावावर जमीनही आहे. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे करायचा असतो.