लिटरचे सुटे हजार

‘धारकता’ हा शब्द मी पहिल्यांदा फळ्यावर लिहिला तो 1996 साली, भोसरीत, चौथीच्या वर्गात. समोरची निम्मी मुलं मराठवाड्यातून, खानदेशातून एमआयडीसीत कामाला आलेल्यांची. पहाटे नळावर नंबर लावून मग शाळेत यायची. हंड्यात किती कळशा मावतात, पिंप किती बादल्यांत भरतं, हे त्यांना तोंडपाठ. पण 3 लिटर 20 मिलिलिटरमधून 1 लिटर 50 मिलिलिटर वजा करा म्हटलं की वर्गभर एकच उत्तर यायचं : 1 लिटर 70 मिलिलिटर.

दोन वर्षं मी त्या उत्तरावर लाल फुली मारत राहिले. मग एकदा एका मुलीला जवळ बसवून विचारलं, हे कसं केलंस? ती म्हणाली, ‘‘विसातून पन्नास जात नाहीत बाई, म्हणून एक लिटर मोडला. त्याचे शंभर आले.’’ रुपया मोडतात तसा तिनं लिटर मोडला होता! वडिलांबरोबर दुकानात बसून सुट्ट्या पैशांचा हिशेब करणारी मुलगी ती, तिच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. लिटर मोडला की सुटे हजार मिळतात आणि उत्तर 1 लिटर 970 मिलिलिटर येतं, हे नुसतं सांगून पटणार नव्हतं.

म्हणून खोकल्याच्या औषधाची टोपणं गोळा केली, 5 मिलिलिटरची खूण असलेली. प्रत्येक गटाला एक लिटरची बाटली आणि पाण्याची बादली दिली. दोन तास त्यातच गेले. साठ-सत्तरच्या पुढे मोजणी चुकायची, मग मुलांनीच दर दहा टोपणांना एक चिंचोका बाजूला ठेवायला सुरुवात केली. वीस चिंचोके, दोनशे टोपणं, हजार मिलिलिटर. एका गटाची बाटली मात्र दीडशेच्या आतच भरली. टोपण खुणेपर्यंत नव्हे, काठोकाठ भरत होते ते! माप खुणेपर्यंतच भरायचं असतं, हे त्या दिवशी मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

पालकांकडूनही गणितं मिळाली. वर्कशॉपात मशीनवर काम करणाऱ्या एका वडिलांनी कुलंट कसं कालवतात ते सांगितलं : वीस भाग पाणी, एक भाग तेल. मी विचारलं, 63 लिटर कुलंट हवं तर तेल किती? जवळजवळ सगळ्यांनी विसानं भागलं. भाग एकवीस होतात, तेल 3 लिटर, हे पाण्यात रंग कालवून पाहिल्यावर उमगलं. नळ-टाकीच्या छापील उदाहरणांपेक्षा मला हे उदाहरण आजही मोलाचं वाटतं. एका आजींनी चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली अशी उतरंड सांगितली, प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. दशमान आलं तरी घराघरात हा दुपटीचा हिशेब जिवंत होता, आणि अर्धा-पाव शिकवताना तो फार कामी आला.

2011 च्या जूनअखेर चार आणे चलनातून गेले. पुढच्या मुलांनी रुपया मोडलेला पाहिलाच नाही. माझ्या वर्गात शंभरवाली चूक कमी झाली आणि 2 लिटर 5 मिलिलिटरला 2.5 लिहिण्याची वाढली. टोपणं पुन्हा कपाटातून बाहेर आली.

नोव्हेंबर 2019 मध्ये पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झालं. पवना धरणाची क्षमता सुमारे साडेआठ टीएमसी, म्हणजे जवळपास 24,000 कोटी लिटर. हा आकडा फळ्यावर मावला, मुलांच्या डोळ्यांसमोर येईना. मग घरच्या पिंपाकडे वळलो. 200 लिटरचं पिंप, चार माणसं, दोन दिवस. माणशी रोज 25 लिटर. वही मिटता मिटता मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘गावाहून आजी आली तर?’’

पुन्हा वह्या उघडल्या. पाच माणसं, माणशी रोज 20 लिटर.