काचेचे वेज : मत्स्यपात्रास छिद्र पाडण्याची क्रिया

शोभेचे मासे पाळण्याच्या काचेच्या पेटीस ग्रंथभाषेत मत्स्यपात्र म्हणतात. बोलीत ती नुसती 'टाकी'. पाथरवटाच्या छिन्नीलाही मराठीत टाकी हेच नाव आहे, आणि ते संस्कृत 'टंक' या शब्दापासून आलेले आहे. दगड टाकीचे घाव सोसतो. काचेस त्यांतला एकही सोसवत नाही. म्हणून काचेच्या टाकीस भोक कसे पाडावे हा प्रश्न दिसायला कारागिराचा असला, तरी काच या पदार्थाच्या स्वभावाशी तो निगडित आहे. त्या स्वभावाची जाण या व्यवसायातील जुन्या शब्दांत बरीचशी उतरलेली आढळते.

मुळात छिद्र हवे कशासाठी? मोठ्या मत्स्यपात्राचे पाणी गाळण्याकरिता त्याखाली दुसरे पात्र ठेवतात. वरचे पाणी खाली उतरते आणि पंप ते पुन्हा वर चढवितो. पाणी काठावरून वक्रनळीने उतरविता येते. परंतु वीज जाऊन प्रवाह थांबला व नळीत हवा शिरली, की ती वक्रनळी पुन्हा आपोआप सुरू होईलच असे नाही. वीज परत येताच पंप मात्र चालू होतो आणि पाणी घरभर होते. काचेतच ठरावीक उंचीवर छिद्र असले म्हणजे हे संकट टळते, कारण पाण्याची पातळी त्या छिद्राच्या अधीन राहते. 90 सेंटिमीटर लांब व 45 सेंटिमीटर रुंद पात्रात पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर थर सुमारे 4 लिटर भरतो. पंप थांबल्यावर पातळी 3 सेंटिमीटर उतरणार असेल, तर खालच्या पात्रात किमान 12 लिटर जागा रिकामी ठेवावी लागते. हा हिशेब छिद्र पाडण्यापूर्वी करावयाचा असतो. पाडलेले छिद्र वरखाली सरकविता येत नाही.

पाणी चढविण्याची विद्या आणि काच घडविण्याची विद्या या दोहोंशी पलूसच्या परिसराचा संबंध जुना आहे. पलूसलगतचे किर्लोस्करवाडी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत वसविले. पुढे ते पंपांच्या निर्मितीसाठी नावाजले. त्याच पुणे–मिरज लोहमार्गावर कराडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना 1916 मध्ये निघाला. महाराष्ट्रात घरोघर पोहोचलेला 'प्रभाकर' कंदील तेथलाच. तो कारखाना कालांतराने बंद पडला. ओगलेवाडी हे गावाचे नाव तेवढे राहिले. कंदिलाची काच दोन्ही टोकांना उघडी असते, पण ती तोंडे कोणी भोसकून पाडलेली नसतात. तप्त, मऊ काच फुंकून पोकळ करावयाची आणि मग टोके वेगळी करावयाची, अशी ती रीत. कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरी येथे 1945–46 मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. तेथे मिळतात तशा प्राचीन काचमण्यांचे छिद्रही बहुधा जन्मजात असते: तप्त काच सळईभोवती गुंडाळावयाची, किंवा तिची पोकळ नळी ओढून तुकडे करावयाचे. अकीकासारख्या दगडाच्या मण्यास मात्र थंड अवस्थेतच भोक पाडावे लागते. मत्स्यपात्राची काच जन्माने काचमण्यांच्या कुळातली असली, तरी तिच्यावरील क्रिया अकीकाच्या जातीची आहे.

मण्यामोत्यांच्या छिद्रास मराठीत 'वेज' असा नेमका शब्द आहे. 'संध्या'ची सांज झाली, 'मध्य'चे माज झाले, त्याच वाटेने 'वेध्य'चे वेज झाले. लाकडात भोक पाडणारे गिरमिट लाकूड कापीत जाते आणि त्याच्या पिळातून भुसा वर येतो. काचेत असे कापणे नाही. तेथे कठीण कणांनी काच कणाकणाने झिजवावयाची असते. खंबायतचे कारागीर धनुष्याने फिरणाऱ्या सामत्याच्या टोकास हिऱ्याच्या बारीक कण्या बसवून अकीक वेधीत आले, ते याच तत्त्वावर. खनिजांच्या कठिनतेच्या दहा अंशांच्या मापात काच साडेपाचच्या आसपास, गारगोटी 7, कुरुंद 9 आणि हिरा 10. सहाणेच्या दगडामुळे परिचित झालेला हा 'कुरुंद' मोठा प्रवासी शब्द आहे. संस्कृतात तो कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम्. तेथून तो युरोपीय भाषांत कोरंडम झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲचेसनने कृत्रिम अपघर्षक तयार केले, तेव्हा त्याचे नाव कार्बन व कोरंडम यांची सांगड घालून 'कार्बोरंडम' असे ठेवले गेले. त्या वेषांतरात आपला कुरुंद आज हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

कार्बोरंडमची पूड पाण्यात कालवून तांब्याची नळी काचेवर फिरविली, तर काच झिजते. तांबे काचेहून मऊ असते. पण मऊ असल्यामुळेच पुडीचे कण त्यात रुततात आणि ते काचेस घासतात. हल्ली काठावर हिऱ्याचे कण जडविलेली पोकळ नळी वापरतात. तिने मधली चकती अखंड निघते. जागेभोवती लांबीची पाळ करून आत पाणी साठवितात. पाण्याने उष्णता शोषली जाते, काचेची भुकटी वाहून जाते व ती श्वासात जात नाही. पाणी आणि वीज जवळ आल्याने विद्युतघटावर चालणारे यंत्र बरे. नळी घसरू नये म्हणून प्रारंभी भोक पाडलेली लाकडी फळी मार्गदर्शक ठेवतात. फेरे सावकाश, आणि यंत्राच्या वजनाहून फारसा अधिक दाब नाही. शेवटचा मिलिमीटर सर्वांत घातकी असतो. जोर कायम राहिला तर पलीकडच्या अंगाने कपचा उडतो. तेथे हात हलका करतात, किंवा दुसऱ्या बाजूने छिद्र पुरे करतात.

कपच्याला एवढे भ्यावयाचे कारण काय? ताणलेल्या पत्र्यातील वर्तुळाकार छिद्राच्या कडेशी ताण तिप्पट होतो, हे किर्श याने 1898 मध्ये दाखविले. छिद्र जितके अणकुचीदार, तितकी ही वाढ अधिक, हे इंग्लिसने 1913 मध्ये सिद्ध केले. ग्रिफिथने 1921 च्या निबंधात काचेच्या दुर्बलतेचे मूळ तिच्यावरील सूक्ष्म भेगांत शोधले. लोखंड अशा ठिकाणी किंचित वाकून ताण वाटून घेते. काचेला वाकणे ठाऊक नाही. त्यामुळे गोल छिद्र पत्करते, त्याच्या कडेवरचा टवका पत्करत नाही. कड बारीक कुरुंदाने ओलीच घासून घेणे यास्तव आवश्यक. छिद्र आणि काचेची कड यांत निदान छिद्राच्या व्यासाइतके अंतर राखण्याचा प्रघात आहे.

एका काचेस मात्र हे काहीच लागू नाही. टफन्ड काच सुमारे 600 अंश सेल्सियसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन निववितात. तिच्या दोन्ही पृष्ठांशी जाडीच्या सुमारे पंचमांशापर्यंत दाब आणि गाभ्यात ताण कोंडलेला राहतो. हत्यार त्या गाभ्याशी पोचले, की सबंध काचेचा क्षणात चुरा होतो. अशा काचेस भोके पाडावयाची ती तापविण्यापूर्वीच. तयार मत्स्यपात्राचा तळ पुष्कळदा याच काचेचा असतो. रिकाम्या पात्रामागे संगणकाचा द्रवस्फटिक पडदा लावून, ध्रुवणकारी चष्मा डोळ्यांसमोर फिरवीत काचेकडे पाहिले असता टफन्ड काचेत गडद-फिके पट्टे वा ठिपके उमटतात. साध्या काचेत सहसा उमटत नाहीत. पट्टे दिसले तर यंत्र खाली ठेवावे.

छिद्रात बसणाऱ्या जोडास बाजारात टँक निपल म्हणतात. त्याचा आटा प्रत्यक्ष मोजून मगच नळीचा व्यास निवडावा; जोडावर लिहिलेले माप आतल्या नळाचे असते, बाहेरच्या आट्याचे नव्हे. रबरी वायसर जोडाच्या कॉलरकडच्या बाजूस, म्हणजे बहुधा पाण्याच्या अंगाला घालतात. नट हातानेच आवळतात, पान्याने नव्हे. नंतर पात्र अंगणात नेऊन, निपलाचे तोंड बंद करून काठोकाठ भरतात. दिवसभर जोडाखाली कोरडा कागद ठेवतात आणि मासे सोडण्यापूर्वी तो पाहतात.