दोन देशांतील घरखर्च

पोलादपूर तालुक्यातील कापडे गावचा एखादा मुलगा अमेरिकेस नोकरीस गेला, म्हणजे त्याच्या तेथील पगारास रुपयांच्या भावाने गुणण्याचा मोह कोणास होत नाही? हा गुणाकार बिनचूक असूनही त्यावरून काढलेले अनुमान बहुधा चुकते.

भारत सरकारच्या २०२३-२४ सालच्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भागात दरमाणशी दरमहा सरासरी खर्च ४,१२२ रुपये होता. अमेरिकेत २०२३ साली एका कुटुंबाचा वार्षिक खर्च सरासरीने ७७,२८० डॉलर होता व कुटुंबात माणसे अडीच. (अर्धा मनुष्य फक्त सरासरीतच आढळतो!) तेव्हाच्या सुमारे ८३ रुपयांच्या दराने हा खर्च दरमाणशी दरमहा दोन लाखांवर जातो, म्हणजे आपल्या पन्नासपट. परंतु तिकडे एका डॉलरास जे मिळते, ते येथे ८३ रुपयांच्या सुमारे चौथ्या हिश्शात मिळते. हे ध्यानी घेतले की अंतर बारा-चौदापटीवर येते.

आता हा पैसा कशावर जातो ते पाहू. आपल्या ग्रामीण खर्चात अन्नाचा वाटा शेकडा ४७, तर अमेरिकेत शेकडा १३ आहे. उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो, हा नियम एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडला. अमेरिकेत खर्चाचा तिसरा हिस्सा घरावर व सहावा हिस्सा प्रवास-वाहनांवर जातो. उलट आपल्या ग्रामीण आकड्यांत घरभाडे शेकडा एकही नाही. याचे कारण आपण घरावाचून राहतो हे नव्हे. स्वतःच्या घराचे भाडे या पाहणीत धरीतच नाहीत. मात्र घरच्या शेतात पिकून घरीच खाल्लेल्या भाताची व नाचणीची किंमत धरतात. म्हणून ज्यासाठी कापडे येथील शेतकऱ्याने बाजारात एक पैही मोजली नाही, तेही खर्चात दिसते.

अशा मुलाने घरी शंभर डॉलर पाठविले, तर तिकडच्या सरासरीने ते एका माणसाचे नऊ दिवसांचे अन्न होय. येथील सरासरीने तेवढ्यात एक मनुष्य चार महिन्यांहून अधिक काळ जेवतो.