तारबाबूची शिक्षा आणि फोडलेला अहवाल

कुर्डुवाडी रेल्वेचे गाव. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे धावू लागली तेव्हा इथल्या स्टेशनचे नावच होते बार्शी रोड. त्या काळी इथेही घरी तार आली की वाचायच्या आधीच रडारड सुरू व्हायची. मजकूर तारबाबूला सर्वांआधी कळे. पण तो त्याने बाहेर फोडला, तर १८८५ च्या तार कायद्याच्या कलम २६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद. ही शिक्षा तार करणाऱ्याच्या बाजूची होती.

त्याच कायद्याच्या कलम ५ ने सरकारला मात्र निरोप अडवायची मुभा दिली. ती कशी वापरायची याचे नियम शंभर वर्षांत कोणी केले नाहीत. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या फोन टॅपिंगवरच्या खटल्यात चाप लावला : आदेश गृहसचिवांचा हवा, त्याची फेरतपासणी हवी. तार नियमांतल्या २००७ च्या नियम ४१९-अ मध्ये मुदत लिहिली गेली, ६० दिवस, फार तर १८०. गुप्तता फोडणाऱ्या फोन कंपनीचा परवाना जाऊ शकतो, हेही लिहिले. ज्याचा फोन ऐकला त्याला निदान नंतर तरी कळवा, हे लिहायचे राहिले. की राहू दिले?

महाराष्ट्राने याचा खरा तमाशा पाहिला २०२१ मध्ये. पोलीस बदल्यांतल्या दलालीबद्दल राज्य गुप्तवार्ता विभागाच्या आयुक्त रश्मी शुक्ला यांनी ऑगस्ट २०२० मध्ये पोलीस महासंचालकांना अहवाल पाठवला होता. त्याला टॅप केलेल्या संभाषणांचा आधार होता. २३ मार्च २०२१ ला विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी तो पत्रकार परिषदेत मांडला. तीनच दिवसांत मुंबईत बीकेसीच्या सायबर पोलिसांनी अनोळखी व्यक्तींवर गुन्हा नोंदवला : तार कायदा, माहिती तंत्रज्ञान कायदा आणि १९२३ चा शासकीय गुपिते कायदा. दलालीचे काय झाले, हा प्रश्न मागेच पडला. चर्चा उरली ती अहवाल फुटला कसा याची.

पुढच्या वर्षी काटा उलट फिरला. काँग्रेस नेते नाना पटोले यांचा फोन ‘अमजद खान’ या नावाखाली ऐकल्याचा आरोप झाला आणि पुण्यात शुक्लांवरच गुन्हा दाखल झाला. कलम तेच जुने, २६. मुंबईतही त्यांच्यावर दुसरा गुन्हा नोंदला गेला. मग राज्यातले सरकार बदलले. फुटलेल्या अहवालाचा तपास सीबीआयकडे गेला आणि बंद झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शुक्लांवरचे दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४ मध्ये त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या.

आता तार कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. बेकायदा फोन ऐकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड. डिसेंबर २०२४ मध्ये टॅपिंगचे नवे नियमही निघाले. ज्याचा फोन ऐकला त्याला कळवण्याची तरतूद त्यांतही नाही.